होडी रंगवायची कुठे?

फौजेत एक जुना विनोद आहे. हललं तर सलाम ठोका, हललं नाही तर चुना-गेरू लावा. बावीस वर्षांच्या नोकरीत मी किती दगड, किती झाडांचे बुंधे आणि किती झेंड्यांचे चौथरे रंगवून घेतले याचा हिशोब नाही. नीट वाचा: रंगवून घेतले. स्वतः एकही रंगवला नाही. गेल्या डिसेंबरात पहिल्यांदाच स्वतःच्या मालकीची एक वस्तू स्वतःच्या हातानं रंगवायची ठरवली आणि कळलं की या देशात रंग मिळतो, ब्रश मिळतो, रंगारी तर मागाल तितके मिळतात. मिळत नाही ती जागा.

वस्तू म्हणजे होडी.

सध्या मी एनसीसीच्या एका बटालियनवर आहे, केरळात, अलप्पुळा जिल्ह्यात. जुन्या लोकांची अलेप्पी. त्रावणकोरचे दिवाण राजा केशवदास यांनी अठराव्या शतकात या बंदराची आखणी केली आणि माल आत-बाहेर न्यायला शहरातून कालवे खोदवले. त्यातले दोन, वाडाई कनाल आणि कमर्शियल कनाल, आजही गावाच्या मधून वाहतात (वाहतात म्हणणं जरा उदारपणाचं आहे, जलपर्णी सवड देईल तेव्हा वाहतात). बाहेर पडलं की वेंबनाड सरोवर, समुद्रसपाटीच्या खाली असलेली कुट्टनाडची भातशेती आणि कोट्टप्पुरमपासून कोल्लमपर्यंत 168 किलोमीटर गेलेला राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 3. इथं अजूनही माणसं होडीतून दूध घालतात, गॅस सिलिंडर आणतात, शाळेत जातात. टुरिस्टांच्या हाउसबोटी या सगळ्याच्या वर तरंगणारी साय आहे.

आमच्या ऑफिसपासून थोड्या अंतरावर एक कडवू आहे. कडवू म्हणजे उतार, होडी लागायची जागा. तिथं पूल झाला आणि तर चालवणाऱ्या म्हाताऱ्याचा धंदा बसला. त्याची सव्वीस फुटी होडी मी विकत घेतली. आंजिलीच्या लाकडाची. आंजिली म्हणजे आपल्या फणसाचा रानातला भाऊ, पाण्यात वर्षानुवर्षं टिकणारं लाकूड. बुडाला तेल आणि डांबराचा काळा थर, वरच्या फळ्यांना हिरवं एनॅमल. एनॅमल कसलं, पाच-सहा थरांचं पापुद्र्यांचं पुस्तकच. सुट्टीच्या दिवशी मुलीला घेऊन वल्हवायची, एवढाच बेत. खडकवासल्याला प्रबोधिनीत पीकॉक बेवर तीन वर्षं वल्ही मारली, घासकाम केलं, तेव्हा शिव्या घातल्या होत्या. आता चाळिशी उलटल्यावर त्याचीच आठवण यायला लागली.

होडी घेतली तेव्हा म्हाताऱ्यानं एकच गोष्ट सांगितली. आधी तिला वर काढ, वाळू दे, मग रंगाचं बघ.

वर काढ. कुठं?

पहिला विचार अर्थातच ऑफिसच्या आवाराचा. मागं मोकळी जागा आहे, झाडांची सावली आहे. आमच्या सुभेदार साहेबांनी तो विचार मी बोलण्याआधीच ओळखला. "सर, आप क्यों? दो आदमी लगा देता हूँ, संडे तक हो जाएगा." मी म्हटलं, साहेब, होडी माझी आहे, सरकारी नाही. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते दुःख होतं. त्यांच्या लेखी मी त्यांना नालायक ठरवत होतो. तो पर्याय मीच रद्द केला. खाजगी होडी सरकारी आवारात ठेवणं चूकच, आणि ती तिथं उभी राहिली असती तर मी कितीही नाही म्हटलं तरी तिसऱ्या दिवशी कुणीतरी पोरगा सँडपेपर घेऊन तिला घासताना दिसला असता. सहायक प्रथेवर वर्तमानपत्रं लिहितात, आम्ही चिडतो. पण रोग सहायकात नाही. तो आमच्या हातांत आहे, जे एकविसाव्या वर्षी कमिशन मिळताच खिशात गेले.

मग एक बोटयार्ड गाठलं. तिथं हाउसबोटींची डागडुजी चालते. छप्पर, उतार, कप्पी, सगळं जागच्या जागी. मालक अगदी अगत्यानं बोलला, चहा दिला, होडीची लांबी विचारली आणि रंगाचं पॅकेज सांगितलं. मी म्हटलं, जागेचं भाडं सांगा, काम मी करणार. तो हसला. मग त्याच्या लक्षात आलं की मी गंमत करत नाही, आणि तो गंभीर झाला. बाहेरचा माणूस यार्डात काम करू शकत नाही. पडलात, भाजलात तर जबाबदारी कुणाची? शिवाय, आवाज खाली आणून तो म्हणाला, साहेब, तुम्ही कर्नल. लोक काय म्हणतील, याच्या यार्डात कर्नलला रंग मारावा लागतो?

दुसऱ्या यार्डात तेच उत्तर, चहाशिवाय.

आम्ही राहतो त्या सोसायटीत विचारलं. ट्रकवर घालून आणायची, पार्किंगच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली ठेवायची, तीन आठवड्यांचा प्रश्न. सेक्रेटरींनी थिनरच्या वासाचा मुद्दा काढला. तो बरोबर होता. वरच्या मजल्यावर एक दम्याच्या बाई राहतात. मी गप्प बसलो.

पुलाखाली जागा होती. सावली, कोरडी जमीन, पाणी जवळ. दर दहा सेकंदाला डोक्यावरून टिपर जाई आणि सांध्यातून धूळ गळे. ओल्या एनॅमलवर धूळ म्हणजे सँडपेपर तयार करण्याचा कारखाना.

राहिला कालव्याचा काठ. सगळे तिथंच करतात. होडी अर्धी काठावर ओढायची, एका बाजूनं खरवडायची, फिरवायची, दुसऱ्या बाजूनं खरवडायची. मी दोन सकाळी तिथं हिंडलो. आणि इथं माझा सूर बदलतो, कारण ही तक्रार फक्त भिंतींविरुद्ध नाही. जुन्या रंगाचे पापुद्रे सरळ पाण्यात पडत होते. आपल्याकडे घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण 90 पीपीएमच्या वर नको हा नियम 2016 सालचा, लागू झाला नोव्हेंबर 2017 पासून. त्याआधीच्या थरांत काय आहे कुणाला ठाऊक. माझ्या होडीवरचे खालचे थर त्याआधीचेच असणार. पलीकडच्या पायरीवर एक बाई भांडी घासत होती. थोड्या पुढं दोन माणसं गळाभर पाण्यात उभी राहून तळातले शिंपले गोळा करत होती. इथं त्यांना कक्का म्हणतात, त्यावर कितीतरी घरं चालतात. मी माझा छंद भागवायला त्यांच्या ताटात शिसं टाकायचं? नाही.

म्हणजे काठावर करायचं नाही, यार्ड करू देत नाही, घरी करता येत नाही. मग करायचं कुठं, हा प्रश्न मी जिल्ह्यातल्या एका कार्यालयात जाऊन विचारला. खिडकीतल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "होडीची नोंदणी कोणत्या नावावर?" अंतर्देशीय जलयानांचा 1917 चा कायदा जाऊन 2021 मध्ये नवा आला, कागद अद्ययावत झाले, चांगलंच झालं. मी नोंदणीबद्दल विचारत नव्हतो. ते पुन्हा म्हणाले, "नोंदणी?" आमचा संवाद इथं संपला.

आता कुणी म्हणेल, कर्नल, एवढा आटापिटा कशाला? एक होडी, एक डबा रंग. म्हणून सांगतो जागा म्हणजे नेमकं काय लागतं ते, कारण "जागाच तर हवी" म्हणणाऱ्यांनी लाकूड कधी रंगवलेलं नसतं.

ओल्या लाकडावर रंग धरत नाही. वरून कोरडं दिसतं, आत पाणी असतं. उन्हात ते वाफ होऊन बाहेर यायला बघतं आणि रंगाला फोड आणतं. म्हणून होडी आधी वाळवायची. पण उन्हात नाही! हे मला इथल्या एका मूत्ताशारींनी शिकवलं. मूत्ताशारी म्हणजे होड्या बांधणाऱ्या सुतारांतला थोरला. उन्हात टाकलीस तर फळ्या चिरतील, सांधे उघडतील, मग रंग राहू दे, काथ्या ठासत बस. सावली हवी आणि वारा हवा, पंधरा दिवस तरी, होडी पालथी घालून. वाळली की नाही बघायला प्लास्टिकचा एक तुकडा फळीवर चारी बाजूंनी चिकटवायचा आणि रात्रभर ठेवायचा. सकाळी आतून थेंब दिसले तर अजून थांब. मूत्ताशारींना प्लास्टिक लागत नाही, ते तळहात ठेवतात.

मग खरवडणं आणि घासणं. जुना रंग असेल तर कोरडा घासायचा नाही, पाण्यानं ओला करून घासायचा, म्हणजे धूळ फुप्फुसात जात नाही. ते पाणी कुठंतरी साठलं पाहिजे, कालव्यात नाही. मग प्रायमर, मग दोन हात एनॅमल, प्रत्येक हाताच्या मधे पुन्हा हलकं घासणं. दुपारी तीनच्या पुढं ब्रश लावायचा नाही, कारण इथं सूर्य कलला की हवेतला ओलावा उतरतो आणि ओल्या रंगाची चकाकी मारून टाकतो. आणि हे सगळं डिसेंबर ते फेब्रुवारी एवढ्याच खिडकीत. त्याआधी ईशान्य मोसमी पाऊस, ज्याला इथं तुलावर्षम म्हणतात. नंतर उन्हाळी वळीव, आणि त्याच्या मागे जूनचा खरा पाऊस.

तेव्हा जागा म्हणजे: पाण्यापासून वर येणारा उतार, त्यावर छप्पर, दोन बाजूंनी वारा, खाली पक्की जमीन, सांडपाण्याला खड्डा, आणि तीन-चार आठवडे कुणी "हलवा हे" म्हणणार नाही याची खात्री. फार नाही. पण यातली एक गोष्ट कमी पडली की बाकीच्या सगळ्या वाया.

मी हे पहिल्यांदा बघितलं ते इंग्लंडात. काही वर्षांपूर्वी श्रिव्हनहॅमच्या स्टाफ कॉलेजात वर्षभर होतो. वर्गातल्या एका ब्रिटिश मेजरची नॅरोबोट होती, सत्तावन्न फूट लांब, रुंदी सात फुटांच्याही आत. तिथले बरेच कालवे आणि त्यांचे दरवाजे दोनशे वर्षांपूर्वी कोळशाच्या बोटींसाठी त्या मापाने बांधले गेले, म्हणून बोटी अजून तशाच लांबट. पोलादी बूड, त्याला दर दोन-तीन वर्षांनी बिट्यूमेनचा काळा हात द्यावा लागतो. वरची केबिन कोच एनॅमलने रंगवतात. गडी केनेट अँड एव्हन कालव्यावर जागा शोधत महिनोनमहिने फिरत होता. एका यार्डात मालकाला स्वतः काम करायला बंदी. दुसऱ्यात परवानगी, पण छप्पर नाही, आणि इंग्लंडात छप्पराशिवाय रंग म्हणजे जुगार. तिसरं यार्ड विकलं गेलेलं, तिथं पाण्याकाठचे फ्लॅट येणार होते. अखेर एक मिळालं, दिवसाच्या भाड्यावर, आणि दोन रविवार मीही तिथं घासायला गेलो.

तिकडचं सगळं छान, असं मला म्हणायचं नाही. त्याचीही दमछाक झाली. पण त्या सगळ्या शोधात त्याला एका माणसानंही विचारलं नाही की मेजर, तुम्ही स्वतः का करता. तो कालवा विसाव्या शतकात मोडकळीला आला होता, स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं चिखल उपसून तो उभा केला आणि 1990 मध्ये पुन्हा खुला झाला. त्यांत निवृत्त अधिकारी होते, शिक्षक होते, कारखान्यातले कामगार होते. हात काळे करणं हा तिथं अपमान नव्हता.

आणि आपल्याकडे तरी कुठं होता? कुट्टनाडातल्या सर्पनौका बघा. नेहरू ट्रॉफीच्या शर्यती 1952 पासून चालल्यात, त्या सगळ्या जगाला माहीत. त्या चुंडन वळ्ळमची निगा बघायला मात्र कुणी येत नाही. ती होडी गावाची असते. तिला स्वतःचं घर असतं, वळ्ळप्पुरा, काठावरची लांबलचक शेड. शर्यतीआधी गावातली माणसं तिथं जमतात आणि स्वतःच्या तळहातांनी तिच्या बुडाला तेल चोळतात. त्यांत सरकारी नोकर असतात, दुबईहून सुट्टीवर आलेले असतात. कुणी म्हणत नाही दोन माणसं लावून घ्या. म्हणजे जागा कशी असावी आणि काम कुणी करावं, ही दोन्ही उत्तरं इथंच काठावर उभी आहेत. फक्त वर्षातून एकदा पळणाऱ्या होडीला घर आहे आणि रोज पोटासाठी चालणाऱ्या होडीला नाही.

माझ्याच बिरादरीतून येणारा आक्षेप मला पाठ आहे. तू स्वतः रंगवलंस तर रंगाऱ्याची मजुरी बुडाली. गरिबाच्या पोटावर पाय. ऐकायला किती उदार! पण ज्यानं आठ दिवस खरवडलं आहे तोच रंगाऱ्याशी घासाघीस करताना गप्प बसतो. मी तर मूत्ताशारींना दोन फळ्या बदलायला लावल्या आणि त्यांनी सांगितलेला आकडा न बोलता दिला, कारण तोवर मला कळलं होतं की त्या कामाला काय लागतं. आणि मुख्य म्हणजे, हा प्रश्न माझा नाहीच. मी पैसे फेकून उद्या मोकळा होऊ शकतो. प्रश्न त्या शिंपलेवाल्याचा आहे. त्याची होडी, त्याचे हात, त्याचा डबा रंग. "करून घ्या" हा सल्ला त्याच्या कामाचा नाही. त्याला करून घेणं परवडत नाही, म्हणजे त्याचं होणार नाही. काठावर एक जरी पडकी शेड त्याला रीतसर मोकळी असती तर त्याचे पापुद्रे पाण्यात पडले नसते. त्याला प्रदूषणावर भाषण देणारे आम्हीच, आणि काठ भिंतीनं अडवणारेही आम्हीच.

कारण काठ गेलेत ते असेच. मी ज्या कडवूवरून होडी घेतली, तिथं आता अर्ध्या पायऱ्यांवर एका होमस्टेची भिंत आली आहे. पाटी आहे: खाजगी जागा. शंभर वर्षं लोक जिथं उतरत होते ती जागा पूल झाल्याबरोबर खाजगी कशी झाली, हे विचारायला कुणी नाही. पूल झाला हे चांगलं झालं, बाळंतिणीला रात्री होडीची वाट बघावी लागत नाही. पण पुलाबरोबर उतार मारायचा हे कुणी ठरवलं?

दुसरा आक्षेप तरुण मंडळींचा. फायबरची घ्या, रंगच नको. घ्या की. त्यालाही ओरखडे पडतात, तडे जातात, मॅट आणि रेझिन लावून दुरुस्त करावी लागते, आणि रेझिनचा वास एनॅमलपेक्षा वाईट. त्यालाही कोरडी, वाऱ्याची, छपराची जागाच लागते.

हे सगळं मला इतकं का लागावं, त्याचं कारण केरळात नाही. ते सांगली जिल्ह्यात, कृष्णेकाठी, आमच्या गावात आहे.

आमच्याकडे शर्यतीच्या होड्या आहेत, पण रोजची होडी केव्हाच गेली. लहानपणी पूर आला की गुऱ्हाळाच्या काहिलीत बसून माणसं पलीकडे जायची, मी स्वतः बसलोय. ऑगस्ट 2019 च्या पुरात काहिलीही नव्हत्या. मी तेव्हा सीमेवर होतो, फोन लागेल तेव्हा ऐकत होतो. 8 ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसांना बाहेर काढणारी बोट उलटली, 17 जण गेले. बोटीत माणसं फार झाली होती. मी त्याचा संबंध रंगाशी किंवा निगेशी लावत नाही, तसा लावणं पाप होईल. पण नदीकाठच्या एवढ्या गावांत त्या दिवशी होड्या किती होत्या? त्याच्या एकच वर्ष आधी, 2018 च्या पुरात, केरळचे कोळी स्वतःच्या होड्या ट्रकवर घालून आतल्या गावांत आले आणि त्यांनी हजारो माणसं बाहेर काढली. फौजेनं काढली, नौदलानं काढली, सगळ्यांनी काढली. पण कोळी पहिल्यांदा पोचले, कारण त्यांच्या होड्या तयार होत्या. त्या तयार होत्या कारण त्या रोज वापरात होत्या आणि दरवर्षी कुणीतरी त्या वर काढून घासून, सांधे बघून, तेल-रंग देऊन पुन्हा पाण्यात लोटत होतं. रंग देणं म्हणजे शोभा नव्हे. होडी वर्षातून एकदा पालथी घालून तिच्या प्रत्येक फळीवरून हात फिरवायला माणसाला भाग पाडणारं ते निमित्त आहे. माझ्या होडीतली कुजलेली फळी मला रंग खरवडताना सापडली. पाण्यात ती उत्तम दिसत होती.

आमच्या गावालाही पुरानंतर एक होडी मिळाली. गेल्या सुट्टीत बघितली. देवळामागं उघड्यावर, सुलटी ठेवलेली, आत गुडघाभर पावसाचं पाणी, त्यात डास. ती पालथी घालायचं कुणाचं काम, हे कागदावर कुठंच नाही.

तर इकडे माझी जागा अखेर कशी मिळाली ते सांगतो. काथ्याच्या धंद्याचे इथले सुगीचे दिवस गेले. कालव्याच्या एका फाट्यावर काथ्याची एक बंद शेड आहे. सोडण होडीतून येत असे, म्हणून पाण्यापासून शेडपर्यंत उतार आपोआप होता. वर पत्रा, दोन बाजू उघड्या. मालकीण साठीच्या बाई, सगळे त्यांना चेच्ची म्हणतात, मीही म्हणू लागलो. त्यांनी माझं सगळं ऐकलं, माझे हात उलटेपालटे करून बघितले आणि विचारलं, "सार, स्वतः करणार?" हो म्हटलं. "मग खरवडलेलं पाण्यात टाकायचं नाही. खाली प्लास्टिक अंथरायचं. आणि रात्री कुलूप मी लावणार." भाडं आठवड्याचं, आगाऊ. कुठल्याही कार्यालयानं न सांगितलेली नियमावली त्यांनी तीन वाक्यांत सांगितली.

आठ माणसांनी नारळाच्या ओंडक्यांवरून होडी वर घेतली. एकवीस दिवस ती वाळली. मग रोज पहाटे सहा ते साडेआठ मी आणि रविवारी मुलगी. माझी मुलगी बारा वर्षांची आहे, तिच्या बापाला कधी कुणी काम करताना बघितलं नव्हतं, हुकूम देताना बघितलं होतं. पहिल्या रविवारी तिनं विचारलं, "बाबा, तुम्हाला येतं का हे?" येत नव्हतं. पहिला हात ओघळला, तो मी घासून काढला आणि पुन्हा दिला. आमचे सुभेदार साहेब एकदा बघायला आले, हात मागं बांधून दहा मिनिटं उभे राहिले, आणि मग न राहवून त्यांनी बूट काढले आणि डब्यातला रंग नीट ढवळून दिला. म्हणाले, वडील गढवालात दारं-खिडक्या रंगवायचे. हे मला तीन वर्षांत माहीत नव्हतं.

दरम्यान मी एक कागद लिहिला आणि दोन ठिकाणी पाठवला. इथं पश्चिम किनारी कालव्याचं काम चालू आहे, कोवळमपासून बेकलपर्यंत, जेट्ट्या होतायत, काठ बांधले जातायत. टुरिस्टांसाठी बाकं आणि दिवे होतायत. माझी मागणी एवढीच: जिथं काठ दगडानं बांधून उभा करता, तिथं दर काही किलोमीटरवर एक उतार सोडा. त्यावर चाळीस फूट बाय पंधरा फूट पत्रा, खाली सिमेंट, पाणी जिरवायला नाही तर साठवायला खड्डा, एक नळ, एक दिवा, भिंतीवर भाड्याचा दर आणि एक वही. ज्याची होडी त्यानं नाव लिहावं, भाडं भरावं, स्वतः काम करावं. नकाशाही काढून जोडला. मी पायदळातला, पण सॅपर मित्राकडून उताराचं माप तपासून घेतलं. उत्तर अजून आलेलं नाही.

होडी पाण्यात गेली ती फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. काळं बूड, वर निळा रंग. शेड रिकामी करून किल्ली द्यायला गेलो तर चेच्ची वहीत काहीतरी लिहीत होत्या. पलीकडचा शिंपलेवाला येऊन गेला होता, सारनं केलं तसं त्यालाही करायचं होतं, पंधरा दिवसांसाठी. त्याला भाडं निम्मं.

त्या रात्री गावाकडे धाकट्या भावाला फोन केला. देवळामागची होडी जरा पालथी घालून बघ म्हटलं. चार दिवसांनी त्याचा फोन आला. पाच पोरं लावून पालथी घातली, बुडाला वीतभर चीर आहे. वाळवायला सावलीत ठेवू म्हणतोय, पण समाजमंदिराच्या शेडमध्ये मंडळाचा ट्रॅक्टर आहे, शाळेचे सर पडवीत ठेवू देत नाहीत, आणि घाटावर ठेवली तर रस्ता अडतो म्हणून लोक ओरडतात.

"दादा," तो म्हणाला, "ठेवू कुठं?"